ताईंच्या बोटीला गाडी

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये किस्से कसे साठतात, ते आधी सांगतो. पक्षी दिसला तर किस्सा होत नाही. दिसला, दोन फोटो काढले, चहा प्यायलो, घरी आलो. नाही दिसला की परतीच्या वाटेवर बोलायला काहीतरी लागतं, आणि तिथं किस्सा तयार होतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त किस्से बोटीचे आहेत. यावरून काय ते समजा.

आम्ही चौघं. मी विनायक, माझं मेडिकलचं दुकान. गायकवाड रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. रफिकभाईंचं गॅरेज आहे. आणि सरोजताई. ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि आम्हा तिघांना हा नाद त्यांनीच लावला. तेव्हा पुढं जे काही झालं त्याला थोड्याशा त्याही जबाबदार आहेत, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

उजनी धरणाच्या पाण्यावर दर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि उन्हाळ्यापर्यंत थांबतात. ताईंनी ते तीसेक वर्षं काठावरून दुर्बिणीतून बघितले. जवळ जावं तर चिखल, आणि चिखलातून माणूस चालत येताना दिसला की अख्खा थवा उठून पलीकडे बसतो. ताईंची इच्छा एवढीच होती, की एकदा दुर्बीण बाजूला ठेवून हे पक्षी जवळून बघायचे. पण तोवर त्यांचे गुडघे गेले. मासेमारांच्या होडीत उकिडवं बसावं लागतं, ते जमेना. इंजिनाच्या बोटीत त्या पाऊल ठेवायच्या नाहीत. म्हणायच्या, "थवा उठवून फोटो काढणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही."

मग एका बंद पडलेल्या वॉटर पार्कमधली छोटी फायबरची बोट मिळाली. दोन वल्ही, खाली दोन चाकांचा ट्रेलर, आणि आत पाठ टेकायला चक्क खुर्चीसारखी सीट. रफिकभाईंच्या गॅरेजात स्टुलावरून चढून ताई तिच्यात बसल्या आणि पाय लांब करून म्हणाल्या, "विनायक, गुडघे मावले रे."

आता राहिलं फक्त एक. ही बोट ओढत नेऊन पाण्यात सोडायला गाडी. त्या 'फक्त'मध्ये दोन हिवाळे गेले.

*

पहिली गाडी माझी. रफिकभाईंनी मागं हुक वेल्डिंग करून दिला, आणि एका जानेवारीत भल्या सकाळी आम्ही निघालो. पुढं माझी छोटी कार, मागं बोट.

आपल्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्ली जागी असते, ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी चिडलेली असते. अशा एका चिडलेल्या गल्लीतून मी बोट घेऊन चाललो होतो. चौकात गाडी थांबली. रिकामी घागर कमरेला लावून उभ्या असलेल्या एका बाईनं बोटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी समजुतीनं सांगितलं, "काका, आमच्या भागात पाणी परवा हाय. आज कशापायी आला?"

ताई पुढच्या सीटवर होत्या. मोहोळ येईपर्यंत त्या मधूनच हसत होत्या. त्या वर्षी त्या गाडीत कुणाचा हात न धरता चढायच्या. आम्हाला वाटायचं, अजून वेळ आहे.

*

धरणाच्या कडेला सर्जेरावचं शेत आहे. तिथंच ताई वर्षानुवर्षं दुर्बिणीचा स्टँड लावायच्या, त्यामुळं तो ओळखीचा. त्याच्या बांधापासून पाण्यापर्यंत मुरमाचा एक पट्टा उतरत जातो. बाकी सगळीकडं काळी माती.

मी गाडी रिव्हर्समध्ये मागं घेतली. उतरली छान. पण ट्रेलर वाकडा झाला म्हणून सरळ करायला गाडी पुढं काढायला गेलो, तर जागची हलेना. माझ्या गाडीला ओढ पुढच्या चाकांची. मागं बोटीचं ओझं, शिवाय उतार, त्यामुळं पुढची चाकं हलकी होऊन नुसतीच गरागरा फिरायला लागली. मी जितकं अॅक्सिलरेटर दाबलं तितकी गाडी मुरूम सोडून काळ्या मातीत सरकली. हे असं होतं हे दुकानदारानं गाडी विकताना सांगितलं नव्हतं, आणि मीही बोट ओढायची आहे असं त्याला सांगितलं नव्हतं.

गावातली माणसं जमली. सर्जेराव सावकाश आला, चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि ताईंना म्हणाला, "बाई, बोट सोडायला गाडी आणली, का गाडी काढायला बोट?"

दुपारपर्यंत ढकलाढकली चालली. एवढ्या गलक्यात थवा कधीच पलीकडं गेला. आज आठवलं की वाटतं, पाणी अगदी पुढ्यात होतं. हुक सोडून तेवढीच माणसं बोटीला लावली असती तर ती पाण्यात गेली असती. पण आम्ही सगळे गाडी ढकलत होतो.

*

मग ठरलं की गाडी चारही चाकांनी ओढणारी पाहिजे. रफिकभाईंकडं एक जुनी जीप होती. तिला ताकद बैलाची, पण ब्रेक नावापुरता. थांबवायची असली की चाकाखाली दगड.

रिव्हर्सची भीती म्हणून गायकवाडांनी जबाबदारी घेतली. म्हणाले, "मागं बघायचं काम माझ्यावर सोडा. मी जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलोय." त्यांनी घरून हिरवा आणि लाल झेंडा आणला, शिट्टी आणली, पँट दुमडली आणि पाण्याच्या कडेला उभे राहिले. हिरवा दाखवला की रफिकभाई मागं येणार, लाल दाखवला की थांबणार.

हिरवा दाखवला. जीप शिस्तीत मागं आली. ट्रेलरची चाकं पाण्याला लागली तसा गायकवाडांनी लाल दाखवला. रफिकभाईंनी ब्रेक दाबला. ब्रेकनं थोडा विचार केला आणि नकार दिला. चाकाखाली दगड टाकायचं काम माझं होतं. दगड टाकला, जीप त्याच्यावरून गेली.

गायकवाड हलले नाहीत. लाल झेंडा ताठ धरून ते उभेच. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला आलं, ट्रेलर त्यांना ढकलत होता आणि ते शिट्टी वाजवत होते. शेवटी जीपचं मागचं अर्धं अंग पाण्यात गेल्यावर सगळं थांबलं.

गायकवाड चिडून म्हणाले, "रफिकभाई, सिग्नल लाल होता."

रफिकभाई खिडकीतून म्हणाले, "मेरेकू दिखा ना. जीपकू नै दिखा."

हा किस्सा आम्ही सगळीकडं सांगतो, आणि इथवर सांगून थांबतो. पुढचं असं की बोट तरंगली होती. खरंच तरंगली होती. ताईंनी चपला काढून हातात घेतल्या होत्या, डोक्याला टोपी बांधली होती आणि काठावर तयार उभ्या होत्या. पण त्या धक्क्यात ट्रेलरचा लोखंडी कोपरा बोटीच्या तळाला लागला, चीर गेली आणि बघता बघता आत पाणी भरलं. ताईंनी चपला पुन्हा पायांत घातल्या. वाकता येत नव्हतं म्हणून त्याला बराच वेळ लागला. आम्ही तिघंही जीपकडं बघत असल्यासारखं केलं.

*

ही बातमी ताईंच्या मुलीला बंगळूरला कळली. मग ती रोज मला फोन करायला लागली. आईचे गुडघे, आईचं वय, आई पाण्यात पडली तर काय करशील काका. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ती आईला कायमची बंगळूरला नेणार होती. सोलापूरचं घरही काढून टाकायचं ठरत होतं. म्हणजे पुढचा हिवाळा हा शेवटचा.

ताई म्हणाल्या, आपण एक गाडी नीट बघून घेऊ. सगळ्यांत मिळून, जुनी चालेल, पण योग्य. म्हणून आम्ही चौघं एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या टाय लावलेल्या पोरसवदा सेल्समननं आम्हाला एका भल्याथोरल्या गाडीसमोर उभं केलं आणि छप्पर उघडून दाखवलं.

ताईंनी विचारलं, मागं किती वजन ओढते? त्यानं सीट गार होतात असं सांगितलं. ताईंनी विचारलं, ओल्या उतारावर, मागं ओझं असताना, जागच्या जागी थांबते का? त्यानं मोबाईल न धरता फोनवर बोलता येतं असं सांगितलं. मग ताईंनी वर्गात शिकवतात तसं त्याला सगळं समजावलं. बोट, ट्रेलर, उतार, पाण्यात जाणारी मागची चाकं. तो मन लावून ऐकत होता. आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, बोटीचं मॉडेल कुठल्या वर्षीचं आहे? एक्स्चेंजमध्ये घेता येते का विचारतो."

पार्किंगमध्ये येईपर्यंत आम्ही हसू दाबलं. पण खरं तर असल्या गाडीनं एकाच सकाळी काम झालं असतं, आणि असली गाडी आमच्यापैकी कुणाच्या नशिबात नव्हती.

*

अखेर सर्जेरावनंच तोड काढली. "ट्रॅक्टर हाय की माझा. ह्या लहान गाड्या घिऊन कशाला यावं?" आम्हाला स्वतःच्या डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला. ट्रॅक्टर म्हणजे मागची चाकं पुरुषभर उंच, चिखलाची भीती नाही, पाण्यात निम्मा गेला तरी बंद पडत नाही. आणि ट्रॉली उलटी घ्यायला सर्जेराव झोपेतसुद्धा चुकायचा नाही. सोलापूरहून ट्रॅक्टर न्यायचा नव्हता, बोटच टेंपोत घालून, चीर बुजवून, त्याच्या अंगणात नेऊन ठेवली. ट्रेलरला ट्रॅक्टरचा हुकही बसवून दिला. गाडीचा प्रश्न सुटला.

डिसेंबरात फ्लेमिंगो आले. ताईंनी सर्जेरावला फोन केला. तो म्हणाला, कारखाना चालू झालाय, ट्रॅक्टर उसावर आहे. जानेवारीत केला. ट्रॅक्टर उसावर. फेब्रुवारीत तर ट्रॅक्टर कारखान्याच्या दारात रांगेत उभा होता आणि सर्जेराव त्याच्याखाली झोपत होता.

आम्हाला तेव्हा कळलं. जिथं ट्रॅक्टर आहे तिथं ऊस आहे, आणि जेवढे महिने ऊस जातो जवळपास तेच महिने फ्लेमिंगो असतात. ताईंनी एकदा त्याला जरा कळवळून विचारलं, की एका सकाळपुरता येता येईल का. तो बिचारा खरंच ओशाळला होता. म्हणाला, "बाई, पाखरं दोन दिस थांबतील. कारखाना न्हाय थांबायचा."

ताईंनी फोन ठेवला आणि त्याचंच बरोबर आहे म्हणाल्या. बरोबर होतंच. म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

*

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. ट्रॅक्टर मोकळा, पक्षी अजून पाण्यावर, बोट कोरडी ठणठणीत. ताईंनी आदल्या दिवशी दशम्या केल्या. सकाळी सर्जेरावनं ट्रेलर जोडला, ताईंना हात देऊन बोटीतल्या खुर्चीवर बसवलं आणि बोट घेऊन मुरमाच्या पट्ट्यावर उतरायला लागला.

आणि एक टिटवी त्याच्या अंगावर धावून आली.

पट्ट्याच्या बरोबर मधोमध, खड्यांत, तिची चार अंडी होती. मुरमाच्याच रंगाची. डावीकडं जावं तर काळी माती, उजवीकडं जावं तर काळी माती. ट्रॅक्टरची चाकं मोठी हे आम्ही वर्षभर कौतुकानं सांगत होतो, त्याच चाकांना आता जागा नव्हती. सर्जेराव उतरून म्हणाला, "त्यात काय, उचलून बाजूला ठिवतो की."

दुसऱ्या कुणाचा ग्रुप असता तर अंडी बाजूला ठेवून बोट पाण्यात गेली असती, आणि हा किस्सा झाला नसता. आम्ही तिघंही ताईंकडं बघायला लागलो. ताईंनी टिटवीकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. पाण्यावर लांब गुलाबी पट्टा दिसत होता. त्यांना जूनमध्ये जायचं आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"अंडी हलवली की ती सोडून जाते," ताई म्हणाल्या. "थांबू आपण."

सर्जेरावनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि ट्रॅक्टर बंद केला. आम्ही बांधावर बसून दशम्या खाल्ल्या. मला त्या दिवशी टिटवीचा मनापासून राग आला, तो आजही आहे.

पिल्लं बाहेर पडायला जवळजवळ महिना गेला. त्या महिन्यात धरणातून पाणी सुटत होतं. मुरूम संपून पुढं नुसता गाळ उघडा पडला, वरून वाळलेला आणि खाली लोण्यासारखा. सर्जेराव म्हणाला, यात ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसेल. ताईंना मी फोनवर पिल्लं निघाल्याचं सांगितलं, तर त्यांनी आनंदानं विचारलं, चारही? मी म्हटलं, चारही. पिल्लं त्याच दिवशी पळायला लागली आणि गाळावरून टुणटुणत पाण्याला गेली. त्यांना गाडी लागली नाही.

*

जूनमध्ये ताई गेल्या. आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. गायकवाडांनी त्यांच्या ओळखीनं सामान आत लावून घेतलं, पंखा चालतो का बघितलं, पांघरूण मागून घेतलं. मुलगी आईला औषधं कधी घ्यायची ते समजावत होती. ताई खिडकीशी बसून आमच्याकडं बघत होत्या. आता त्या काहीतरी मोठं बोलणार असं आम्हाला वाटलं. आम्हीही मनात काहीबाही जुळवून आलो होतो.

गाडी हलायच्या बेतात असताना ताईंनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "विनायक, पुढच्या वर्षी गाडीचं काय ठरतंय?"

मी म्हटलं, ठरवतो ताई. रफिकभाई तोंड फिरवून चहाच्या टपरीकडं बघत राहिले. गायकवाडांनी जन्मभर गाड्यांना झेंडा दाखवलेला, पण त्या दिवशी त्यांचा हात वर गेला नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बोट विकली. सर्जेरावला अंगण हवं होतं, आणि ताईंनीच फोनवर सांगितलं की विकून टाका, उन्हात फायबर तडकतं. गिऱ्हाईक जवळच्याच दुसऱ्या गावचं होतं. रस्त्यानं मोठा वळसा पडतो, पण धरणाच्या काठानं सरळ जाता येतं. पाणी मागं सरेल तशा शेतकऱ्यांना पाण्याच्या मोटारी पुढं सरकवाव्या लागतात, त्यासाठी रोज ट्रॅक्टर येऊन-जाऊन तिथं पक्की वाट पडलेली असते. सर्जेराव म्हणाला, ह्या वाटेनं सोडून येतो, चला.

रफिकभाईंच्या घरी लग्न होतं, म्हणून मी आणि गायकवाडच गेलो. ट्रॅक्टरवर दोघांना बसायला जागा नव्हती, तेव्हा आम्ही सरळ ट्रेलरवरच्या बोटीत चढून बसलो. खुर्चीसारखी सीट होती, पण तिच्यावर कुणीच बसलं नाही. दोघंही पुढच्या फळीवर अंग चोरून बसलो. ट्रॅक्टर फटफट करत काठाकाठानं निघाला. सर्जेराव एका हातानं स्टीअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर खताच्या दुकानदाराशी भांडत होता.

एक वळण घेतलं आणि समोर थवा. उथळ पाण्यात, अगदी काठाला, शेकड्यांनी. मी म्हटलं, आता उठणार. गायकवाडांनी माझं मनगट धरलं.

ट्रॅक्टर तसाच चालत राहिला. काठाजवळचे काही पक्षी लांब ढांगा टाकत जरासे बाजूला सरकले, आणि पुन्हा माना खाली घालून चरायला लागले. एकानं तेवढी मान वर करून आमच्याकडं बघितलं. त्याचा डोळा पिवळा होता. मला तो साध्या डोळ्यांनी दिसला. बोटीच्या दोन्ही कडांवर हात ठेवून आम्ही त्यांच्या शेजारून जात होतो, आणि ते आमच्याकडं लक्षसुद्धा देत नव्हते. पार शेवटच्या पक्ष्यापर्यंत. सर्जेरावचं भांडण चालूच होतं, त्यानं मान वळवून बघितलंही नाही. त्याला ते रोजचंच होतं.

गायकवाडांची दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत राहिली. परतीच्या वाटेवर किस्सा काही तयार झाला नाही.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. गायकवाडांनी स्पीकरवर लावला. बोट नीट पोचली का, वल्ही बरोबर दिली ना, सर्जेरावची तब्येत कशी आहे, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "थवा होता का रे?"

"होता की," गायकवाड म्हणाले.

"जवळ होता?"

गायकवाडांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होतो.

"नाही हो ताई," ते म्हणाले. "लांब होता. नेहमीसारखाच."